उत्तर मिळाले, पोच मिळाली नाही: सरकारी खात्यांच्या समाजमाध्यम-सेवेचे परीक्षण

सरकारी कचेरीच्या आवक खिडकीवर अर्ज दिला की कारकून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारतो, तारीख घालतो, आवक क्रमांक लिहितो आणि ती प्रत आपल्या हातात परत देतो. त्या प्रतीला आपण पोच म्हणतो. आपले म्हणणे सरकारपर्यंत पोहोचले एवढेच तिच्यावरून कळते असे नाही; ते पोहोचल्याचे आता सरकारलाही नाकारता येणार नाही, हेही त्या शिक्क्याने ठरून जाते. गेली नऊ वर्षे मी सरकारी खात्यांची समाजमाध्यमांवरील खाती रोज वापरत आहे. मुंबईला लागून असलेल्या एका शहरात राहतो, रोज लोकलने कामाला जातो आणि आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव या नात्याने पाणी, गटार, रस्ता, दिवाबत्ती अशा कामांसाठी मला या खात्यांशी सतत बोलावे लागते. एखाद्या सेवेचे परीक्षण करावे तसे या सेवेचेही करायला हवे, असे मला अनेक दिवस वाटत होते, कारण ही सेवा आपल्याच करातून चालते आणि तिच्या बऱ्यावाईटाचा परिणाम एखाद्या गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता राहत नाही, तर सरकारच्या शब्दावर लोकांनी किती भिस्त ठेवावी यावर होतो.

माझी कसोटी साधी आहे. या खात्याने आज जे सांगितले ते उद्या मी खिडकीतून डोकावून न पाहता खरे मानीन का, एवढेच मी प्रत्येक खात्याबाबत विचारतो. उत्तर किती मिनिटांत आले, भाषा किती गोड होती, चित्र किती देखणे होते, हे सगळे त्यानंतर.

या कसोटीवर सर्वांत वर मी भारतीय हवामान विभागाला ठेवतो. २६ जुलै २००५ रोजी मी कुर्ल्याहून रुळांवरून चालत घरी निघालो होतो. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर. दक्षिण मुंबईतल्या कार्यालयांत बसलेल्या माणसांना उपनगरांत काय चालले आहे याची कल्पना नव्हती, फोन लागत नव्हते, आणि आम्ही चालणारे लोक समोरून येणाऱ्या माणसाला पाणी कुठपर्यंत आहे ते विचारत पुढे सरकत होतो. आज तशा दिवशी पुढच्या तीन तासांचा जिल्हावार इशारा हातातल्या फोनवर दिसतो, भरतीची वेळ दिसते, आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल या चार रंगांचा अर्थ शाळकरी मुलांनाही ठाऊक झाला आहे. विभागातले ज्येष्ठ शास्त्रज्ञ कृष्णानंद होसाळीकर उपग्रहाचे चित्र टाकून दोन ओळींत ढग कुठे जमले आहेत ते सांगत, तेव्हा मला पहिल्यांदा असे वाटले की सरकारी यंत्रणेत कोणी तरी आपल्याशी मोठ्या माणसासारखे बोलत आहे.

अंदाज चुकतात. लाल इशारा असताना लख्ख ऊन पडते आणि पिवळ्या दिवशी मिलन सबवे हा रेल्वेखालचा भुयारी रस्ता पाण्याने भरतो. तरीही विश्वास टिकतो, याचे कारण मी पुष्कळ दिवस शोधत होतो. ते असे आहे की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विभागाकडून सांताक्रूझ आणि कुलाबा येथे प्रत्यक्ष किती पाऊस झाला त्याचा आकडा जाहीर होतो. काल काय सांगितले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे दोन्ही कोणालाही शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. आपली चूक मोजण्याचे माप जो स्वतःच लोकांच्या हातात देतो, त्याच्या चुकीचा राग फार काळ टिकत नाही. माझ्या वापरातल्या दुसऱ्या कोणत्याही सरकारी खात्यावर हे माप मला इतके सहज मिळालेले नाही.

पावसाळ्यातच या खात्यांचा आणखी एक उपयोग दिसतो. शाळांना सुट्टी जाहीर झाल्याचे जुने पत्र तारीख झाकून व्हॉट्सॲपवर फिरू लागते, पालकांच्या गटात एकच गोंधळ उडतो, आणि मग कोणी तरी म्हणते, पालिकेच्या खात्यावर आहे का ते बघा. ८ जुलै २०२४ च्या पहाटेपर्यंतच्या पावसानंतर मुंबई महापालिकेने शाळांच्या पहिल्या सत्राला सुट्टी दिली आणि पुढच्या सत्राचा निर्णय परिस्थिती पाहून कळवू असे सांगितले, तेव्हा माझ्या बहिणीसारख्या अनेक पालकांनी शाळेच्या संदेशाची वाट न पाहता त्या खात्यावर विसंबून मुलांना घरी ठेवले. अफवा आणि बातमी यांच्यात निवाडा करायला एक ठरलेली जागा असणे, ही या सेवेची मोठी जमा बाजू आहे आणि तिचे श्रेय मी हातचे राखून देणार नाही.

पण ही जागा सगळ्यांच्या आवाक्यात नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ती अफवा फोनवरून फिरली होती. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एखाद्या शहरातल्या पोलिसांच्या खात्याला लाखो लोक जोडलेले असतात हे खरे. पण आठवडी बाजाराच्या दिवशी अनोळखी माणसांभोवती गर्दी जमते तेव्हा लोक कोणाचे ऐकतील, हे त्या खात्यावर ठरत नाही. ते पोलीस पाटलावर ठरते, ग्रामसेवकावर ठरते, शाळेच्या गुरुजींवर ठरते, आणि त्या माणसांनी गावात वर्षानुवर्षे काय केले आहे यावर ठरते. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई, तेव्हा हलगी वाजवणाऱ्याला थांबवून चार प्रश्न विचारता येत. आजच्या सरकारी संदेशाखाली प्रश्न लिहिता येतो, पण तो कोणी वाचला की नाही हे कळायला मार्ग नसतो.

पोलिसांच्या खात्यांविषयी थोडक्यात लिहितो. मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले आणि चित्रपटांतले संवाद, शब्दांचे खेळ, सणावारांच्या निमित्ताने केलेली चित्रे यांमुळे देशभर गाजले. हेल्मेट आणि सीटबेल्टविषयी हसत खेळत सांगितलेली गोष्ट तरुण मुले वाचतात, हे मी आमच्याच सोसायटीत पाहिले आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढायला बिचकणाऱ्या माणसाला ते खाते जवळचे वाटते, हाही लाभ खराच. मात्र ज्या दिवशी शहरात एखादा गंभीर गुन्हा घडलेला असतो, त्या दिवशी ठरल्या वेळेला आलेले विनोदी चित्र पाहून मला वाईट वाटते, कारण तेव्हा मला पोलिसांकडून करमणूक नको असते, माहिती हवी असते.

रेल्वेचा अनुभव मी जास्त सविस्तर सांगतो, कारण विश्वास कसा उभा राहतो आणि कसा सांडतो, हे दोन्ही त्यात आहे. सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. त्यांच्या काळात प्रवाशाने डब्यातून ट्विट करावे आणि पुढच्या स्थानकावर दूध, औषध किंवा रेल्वे पोलीस हजर व्हावेत, अशा बातम्या जवळजवळ दर आठवड्याला येत. २०१५ च्या नोव्हेंबरात शेगावच्या आसपास गाडीत एकट्या असलेल्या एका तरुणीने सहप्रवाशाच्या वागण्याची भीती वाटते असे मंत्र्यांना लिहिले आणि थोड्याच वेळात रेल्वे पोलीस तिच्या डब्यात आले. परराष्ट्र मंत्रालयात सुषमा स्वराज याच रीतीने परदेशात अडकलेल्या माणसांना उत्तरे देत असत. मंगळावर अडकलात तरी तिथली भारतीय वकिलात मदत करील, हे त्यांचे २०१७ मधले वाक्य लोकांच्या तोंडी आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने त्या काळात मला सांगितले होते की पासपोर्ट हरवला तर काय करायचे याची त्याला आता धास्ती वाटत नाही. सरकारविषयी इतक्या आपुलकीने बोलताना मी त्याला पूर्वी कधी ऐकले नव्हते.

ही आपुलकी खरी होती. पण ती माणसाच्या नावाशी बांधलेली होती. मंत्री बदलले की लोक नव्या मंत्र्यांकडे तीच तत्परता शोधू लागत, आणि ती कमी पडली की पूर्वीपेक्षा जास्त चिडत. आयुक्तांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बाबतीत हे मी जवळून पाहतो. अधिकारी कर्तबगार असतो, आपल्या वैयक्तिक खात्यावरून रात्री अकरा वाजता उत्तर देतो, लोक त्याच्यावर जीव टाकतात. मग बदली होते आणि त्या खात्यावरची शेकडो आश्वासने, फोटो, तक्रारी त्याच्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात निघून जातात. नव्या अधिकाऱ्याच्या टेबलावर त्यांतले काहीच नसते. केंद्र सरकारने २०१२ मध्येच सरकारी संस्थांसाठी समाजमाध्यम वापराची मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध केली होती. खाते पदाच्या नावाने असावे की व्यक्तीच्या, उत्तर किती वेळात द्यावे, दिलेल्या माहितीची नोंद कशी ठेवावी, या सगळ्याचा विचार तिच्यात आहे. त्या वेळी ज्यांनी हे लिहिले त्यांना पुढचा धोका दिसला होता, असे ती वाचताना जाणवते.

रेल्वेने मात्र पुढे एक चांगली गोष्ट केली. आता रेल्वेच्या सेवा खात्याला लिहिले की ते थेट संदेशात पीएनआर आणि मोबाइल क्रमांक मागतात, ती तक्रार ‘रेल मदद’ या यंत्रणेत नोंदवली जाते आणि आपल्या फोनवर तक्रार क्रमांक येतो. हेच काम १३९ या क्रमांकावर साध्या फोननेही होते. गेल्या वर्षी आई-वडील पंढरपूरहून परत येत असताना त्यांच्या डब्यात पाणी संपले, तेव्हा वडिलांनी स्वतः १३९ वर फोन केला. त्यांच्याकडे समाजमाध्यमावरचे कोणतेही खाते नाही. पुढच्या मोठ्या स्थानकावर पाणी भरले गेले. कोणी प्रसिद्ध माणूस त्या डब्यात नव्हता, कोणी फोटो टाकला नाही, आणि काम झाले. तक्रारकर्त्यांना माझी एक विनंती आहे: पीएनआर आणि फोन क्रमांक उघड्यावर कधीही लिहू नका. मिळत्याजुळत्या नावाची खोटी खाती टपून बसलेली असतात आणि पैसे परत देण्याच्या बहाण्याने बँकेची माहिती काढून घेतात. निळी खूण आता पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांसाठी करड्या रंगाची खूण आहे, ती पाहूनच संदेश पाठवावा.

आता आमच्या शहराच्या महापालिकेकडे येतो. नाव लिहीत नाही, कारण जे आमच्याकडे घडले ते कोणत्याही शहरात घडू शकले असते.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या फाटकाबाहेरच्या पदपथावरील मॅनहोलचे लोखंडी झाकण चोरीला गेले. ही झाकणे भंगारात विकली जातात. आम्ही रंगाचा रिकामा डबा उपडा ठेवला, त्याला भोक पाडून झाडाची एक फांदी खोवली आणि फांदीला लाल फडके बांधले. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टन परिसरात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला होता, तेव्हापासून पाण्याखालचे भोक म्हणजे काय हे मुंबईच्या आसपास राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मी रात्री नऊच्या सुमारास फोटो, पत्ता आणि जवळची खूण लिहून पालिकेच्या खात्याला कळवले. पंधरा मिनिटांच्या आत उत्तर आले: ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. धन्यवाद.’ त्या रात्री मला खरोखर बरे वाटले. बायकोला म्हणालो, बघ, किती लगेच लक्ष दिले.

चार दिवस कोणी आले नाही. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या तक्रारीखाली पालिकेचा नवा संदेश दिसला, ‘तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे’, आणि सोबत एक फोटो. फोटोत सिमेंटचे नवे कोरे झाकण होते. त्याच्या चारही बाजूंना करड्या रंगाच्या षटकोनी फरश्या होत्या आणि एका कोपऱ्यात वडाचे मूळ फरशी फोडून वर आले होते. आमच्या पदपथावर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक आहेत आणि पन्नास मीटरच्या परिसरात वडाचे झाड नाही. मी खाली जाऊन पाहिले. डबा जागच्या जागी होता, फांदी सुकली होती आणि लाल फडके पावसाने फांदीला चिकटले होते. मी त्याचा फोटो काढून उत्तरात लावला. त्यावर काहीच आले नाही. तिसऱ्या दिवशी पालिकेचा तो संदेश फोटोसकट नाहीसा झाला होता.

फोटो चुकीचा असणे मी समजू शकलो असतो. एका दिवसात शंभर ठिकाणची कामे होत असतील, कोणाच्या तरी हातून फोटोंची अदलाबदल झाली असेल. पण चूक दाखवल्यावर चूक दुरुस्त न करता पुरावा काढून टाकणे, याने माझ्या मनातले काही तरी तुटले आणि ते अजून जुळलेले नाही. त्या खात्यावर आज ‘नालेसफाई पूर्ण’ असा फोटो दिसला की मी आधी फरशीचा रंग पाहतो. ज्या नाल्यांची सफाई खरोखर झाली असेल, ज्या कामगारांनी छातीएवढ्या गाळात उतरून ती केली असेल, त्यांच्या कामावरही माझा संशय जातो, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे हे मला कळते.

मी विभाग कार्यालयात गेलो. कनिष्ठ अभियंता तरुण होते, सभ्यपणे बोलले. ‘साहेब, ते खातं एजन्सी बघते. आमच्याकडे ॲपवरची तक्रार येते, तिला नंबर असतो. तुमच्याकडे नंबर आहे का?’ माझ्याकडे नंबर नव्हता. माझ्याकडे फक्त एक आभाराचा संदेश होता. मी तिथेच बसून कागदावर अर्ज लिहिला, आवक खिडकीवर दिला, पोच घेतली आणि सहाव्या दिवशी झाकण बसले. म्हणजे यंत्रणा काम करीत होती. मी ज्या दारावर उभा राहून हाक मारत होतो, त्या दाराचा त्या यंत्रणेशी काही संबंधच नव्हता.

आमच्या फाटकाशी एक मावशी भाजीची गाडी लावतात. झाकण गेल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी त्यांच्या गाडीचे चाक त्या भोकात गेले होते. झाकण बसले त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, ‘भाऊ, मी मुकादमाला दोनदा सांगितलं होतं. माझं सांगणं कुठं लिहिलं गेलं असंल का?’ नव्हते गेले. माझी तक्रार निदान काही दिवस जगाला दिसत होती. त्यांची तर कोणालाच दिसली नाही. समाजमाध्यमावरच्या तत्परतेचे जे कौतुक होते त्यात हा भाग मोजला जात नाही. ज्याच्या हातात चांगला फोन आहे, ज्याला लिहिता येते, ज्याला दोन हजार लोक जोडलेले आहेत, त्याच्या खड्ड्यावर आधी खडी पडते. रांगेत पहिला उभा असलेला माणूस मागेच राहतो आणि हे सगळे तो पाहत असतो. एकाला मिळालेल्या झटपट उत्तराने त्या एकाचा विश्वास वाढत असेलही, पण पाहणाऱ्या दहांचा त्याच क्षणी कमी होतो.

यावर कायद्यात तोड नाही असे नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्याखाली अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला ठरलेली मुदत आहे, मुदत टळली तर पहिले आणि दुसरे अपील आहे, आणि विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज केला की क्रमांक मिळतो. समाजमाध्यमावरच्या उत्तराला यांतले काहीच नसते. त्याला मुदत नाही, अपील नाही, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे नोंदही नाही. खाते चालवणारी एजन्सी आणि काम करणारा अभियंता यांच्यामध्ये एक तक्रार क्रमांक आपोआप तयार होईल एवढी सोय झाली, तर माझ्या तक्रारीचा बराचसा भाग उरणार नाही. रेल्वेला हे जमले आहे.

माहिती देण्याच्या कामातही एक उणीव सर्रास दिसते. ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद’ ही सूचना सहीशिक्क्याच्या पत्राचा फोटो म्हणून टाकली जाते, तीही उद्घाटनाच्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फोटोंमध्ये कुठे तरी. आमच्या तिसऱ्या मजल्यावर दृष्टिहीन शिक्षक राहतात. त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, फोटोतली अक्षरे त्याला नीट वाचता येत नाहीत. पाणी जाणार हे त्यांना नळ कोरडा पडल्यावर कळते. त्याच सूचनेच्या चार ओळी मजकूर म्हणून टंकित केल्या तर पैसा लागत नाही. आता एक्स झालेल्या ट्विटरने ३० जून २०२३ पासून काही काळ, स्वतःचे खाते नसलेल्यांना काहीही पाहू देणे बंद केले होते. ऐन पावसाळ्यात सरकारी सूचना वाचण्यासाठी नागरिकाला एका परदेशी खाजगी कंपनीचे सभासद व्हावे लागत होते. त्याआधी दोन महिने, त्या कंपनीने वापराचे नियम आणि दर बदलल्यावर, न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणाने गाड्यांच्या विलंबाच्या सूचना तिथे देणे काही दिवसांसाठी थांबवले होते. सरकारची सूचना आधी सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असावी आणि मग जगभर पसरावी. आज अनेक ठिकाणी याच्या उलट चालले आहे.

एक बाजू राहिली, आणि ती मला सर्वांत नाजूक वाटते. ज्या माध्यमावर सरकार मला ‘आम्हाला लिहा’ असे सांगते, त्याच माध्यमावर लिहिल्याबद्दल नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. मुंबई बंदविषयी फेसबुकवर एकीने लिहिले होते आणि दुसरीने ते पसंत केले होते. ज्या कलमाखाली असे गुन्हे नोंदवले जात, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पुढे केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये नियम बदलून, सरकारी कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा आहे हे ठरवणारा सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष नेमण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मत ३१ जानेवारी २०२४ रोजी विभागले गेले, आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती तरतूद घटनाबाह्य असल्याचे मत दिल्यावर ती रद्द झाली. मला हा निकाल सामान्य तक्रारदाराच्या बाजूचा वाटतो. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) खोट्या योजनांच्या जाहिराती उघड्या पाडाव्यात, त्याचा लोकांना उपयोगच होतो. पण माझ्या पदपथावर झाकण बसले की नाही याचा अंतिम निवाडा, ज्याने चुकीचा फोटो लावला त्याच्याच हाती असता, तर मी कोणाकडे गेलो असतो?

राज्य सरकारने २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराला नियम घातले आहेत. त्यांत वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्याची सूचना आहे आणि ती योग्य आहे. शासनाच्या धोरणांवर टीका करण्यास मात्र मनाई आहे. त्या तरुण अभियंत्याने मला ‘ते खातं एजन्सी बघते’ हे खरे सांगितले नसते तर मी अजूनही आभाराच्या संदेशावर विसंबून बसलो असतो. खरे बोलणारा कर्मचारी गप्प झाला तर लोकांचा विश्वास वाढणार नाही, असे मला मनापासून वाटते.

ही सेवा वापरावी का, असे मला सोसायटीतले लोक विचारतात, तेव्हा मी सांगतो की इशाऱ्यांसाठी जरूर वापरा. हवामान विभाग, आपली महापालिका, मध्य आणि पश्चिम रेल्वे यांची खाती जोडून ठेवा आणि पावसाळ्यात सकाळी निघण्यापूर्वी एकदा पाहा. संकटात असाल तर लिहीत बसू नका, ११२ वर फोन करा. मुंबईत पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आहे. तक्रार करायची असेल तर आधी ॲपवर, संकेतस्थळावर किंवा कागदावर करा, क्रमांक घ्या आणि मग तो क्रमांक लिहूनच समाजमाध्यमावर आठवण करून द्या. मिळालेल्या प्रत्येक उत्तराचे चित्र तारखेसह जपून ठेवा.

गेल्या महिन्यात मावशींच्या गाडीजवळचा रस्त्याचा दिवा बंद पडला. या वेळी अर्ज त्यांच्या नावाने केला; मी फक्त लिहून दिला, सही त्यांनीच केली आणि आवक खिडकीवरही त्याच गेल्या. शिक्का मारलेली प्रत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वजनकाट्याखाली ठेवली आहे. पंधरा दिवसांनी विचारायला जायचे ठरले आहे.